मापाची सायकल विकतांना

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येक श्रोत्यांना थोडें नवल वाटलें असेल. सायकल विकणें ही का भाषण करण्याजोगी गोष्ट आहे, असेंही कोणी मनांत म्हटलें असेल. ज्यांचें बालपण पुण्यासारख्या शहरांत गेलें, त्यांना जुनी सायकल कशी विकतात हें सांगावयास नको. ओळखीच्या दुकानदारास बोलवावें. त्यानें घंटा वाजवून पाहावी, चाक फिरवून पाहावें, टायरकडे बघून तोंड वाकडें करावें, आणि आपण मनांत धरलेल्या किंमतीच्या निम्म्यावर सौदा ठरावा, एवढाच तो व्यवहार. परंतु ज्या सायकलीच्या विक्रीविषयीं मी बोलणार आहें, ती या जातीची नव्हती. आणि ती विकतांना मला जें शिकावें लागलें, तें सायकलीखेरीज इतरही कांहीं गोष्टींस लागू पडेल असें वाटल्यावरून हा विषय मीं आपल्यापुढें मांडण्याचें ठरविलें.

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशर परगण्यांत माझें कांहीं वर्षें वास्तव्य होतें. तेथील एका कारागिरानें २००८ सालीं माझ्या अंगाचें माप घेऊन, पोलादाची एकेक नळी कापून व पितळेनें झाळून ही सायकल मला घडवून दिली. सायक्लोक्रॉस नांवाच्या शर्यतीसाठीं ती होती. पुढें माझ्या उजव्या गुडघ्यानें साथ सोडली, आणि २०१७ सालीं ती विकणें प्राप्त झालें. तोंवर माझी अशी समजूत होती कीं, विक्री म्हणजे किंमत ठरविणें. अनुभवांतीं असें दिसून आलें कीं, मापावर घडविलेल्या वस्तूच्या विक्रींत पहिला प्रश्न मापाचा, दुसरा खरें सांगण्याचा, आणि पैशाचा प्रश्न तिसरा. हा क्रम जो उलटा करतो, तो घेणाऱ्याच्या पैशाशींच नव्हे, तर त्याच्या हाडांशीं खेळतो.

प्रथम या खेळाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. सायक्लोक्रॉस ही हिवाळ्यांतली शर्यत. युरोपांत, विशेषतः बेल्जम, हॉलंड व फ्रान्स या देशांत, सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिचा हंगाम चालतो. शेतें, कुरणें, वाळू, चढउतार आणि चिखल यांतून अडीच ते साडेतीन किलोमीटरांचा एक फेरा आंखतात, आणि स्वार सुमारें एक तास त्याच वाटेनें पुनःपुन्हां फिरतात. वाटेंत ४० सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या फळ्या आडव्या उभारलेल्या असतात, जिने असतात, घसरडे चढ असतात. तेथें पोंचतांच स्वार चालत्या सायकलीवरून उतरतो, सायकल उचलून प्रसंगीं खांद्यावर घेतो, धांवत अडथळा ओलांडतो आणि धांवतां धांवतांच पुन्हां खोगिरावर बसतो. म्हणजे या खेळांत जसा माणूस सायकलीवर बसतो, तशी सायकलही मधून मधून माणसावर बसते!

फ्रान्समध्यें दान्येल गुसो नांवाच्या एका शिपायानें या शर्यतींना व्यवस्थित रूप दिलें, आणि १९०२ सालीं त्या देशाची पहिली राष्ट्रीय शर्यत झाली, असें या खेळाचा इतिहास सांगतो. १९१० सालीं फ्रान्सची मोठी सायकल-दौड, म्हणजे ‘तूर द फ्रान्स’, जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझनें आपल्या यशाचें श्रेय हिवाळ्यांतील या सरावास दिलें, तेव्हां पुष्कळांचें लक्ष या खेळाकडे वळलें. १९५० सालीं पॅरिस येथें पहिली जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली व ती झां रोबिकनें जिंकली. स्त्रियांची तशीच शर्यत २००० सालापासून सुरू झाली. यॉर्कशरमध्यें १९६१ सालीं इंगलबरो, व्हर्नसाइड व पेनिगेंट या तीन डोंगरांवरून जाणारी एक शर्यत सुरू झाली होती. त्या डोंगरांच्या शेजारीं राहणाऱ्या माणसास या खेळाचा नाद लागावा, यांत आश्चर्य नाहीं.

अशा शर्यतीची सायकल दुरून पाहिली, तर रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीसारखीच दिसते: तेंच खालीं वळलेलें हँडल, तीच मोठीं बारीक चाकें. जवळून पाहिलें म्हणजे फरक कळतो. चिमट्याच्या दोन पायांमध्यें व मागच्या नळ्यांमध्यें चिखल अडकूं नये म्हणून टायरभोंवतीं अधिक मोकळी जागा ठेवलेली असते. टायर थोडा रुंद व दांतेरी असतो. मात्र आंतरराष्ट्रीय शर्यतींत तो ३३ मिलिमीटरांहून रुंद चालत नाहीं. ब्रेकच्या तारा आडव्या नळीच्या खालून न नेतां वरून नेतात, कारण खालून नेल्यास त्या खांद्यास टोंचतात. कित्येक कारागीर खांद्यासाठीं त्या नळीची खालची बाजू किंचित् चपटी करून देतात.

आतां मापाकडे वळूं. पुण्यास पूर्वीं तासाच्या भाड्यानें सायकली मिळत. एकच सायकल सकाळीं उंच बाप नेई, दुपारीं त्याचा शाळकरी मुलगा नेई. खोगीर वरखालीं केलें कीं काम भागे. सपाट रस्त्यावरून मंडईपर्यंत जाण्यास तेवढें पुरेसें असतें. पण तासभर जिवाच्या कराराने चिखल तुडवावयाचा, क्षणांत उतरावयाचें, क्षणांत चढावयाचें, तर शरीर आणि सायकल यांचा मेळ बोटाच्या पेराइतका अचूक लागतो. त्या कारागिरानें माझ्या उंचीस फारसें महत्त्व दिलें नाहीं. एकाच उंचीच्या दोघांपैकीं एकाचे पाय लांब असतात, तर दुसऱ्याचें धड लांब असतें. म्हणून त्यानें पायांच्या आंतल्या बाजूची लांबी घेतली. धड, हात व खांदे मोजले. पाठ किती वांकते तें पाहिलें. आणि मग कागदावर आकृति काढली.

या कामांत एक आडाखा प्रसिद्ध आहे. अनवाणी उभें राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची पायाची लांबी मोजावी आणि तिला ०.८८३ नें गुणावें. जो आंकडा येईल, तितकें अंतर पेडलांच्या मधल्या आंसापासून खोगिराच्या माथ्यापर्यंत असावें. माझा पाय ८० सेंटिमीटर. म्हणून माझें खोगीर सुमारें ७०.६ सेंटिमीटरांवर. हा आडाखा अंतिम नव्हे, पण आरंभ येथून करतात. दुसरें महत्त्वाचें माप म्हणजे पोंच, अर्थात् खोगिरावर बसल्यावर हात हँडलपर्यंत किती लांबवावे लागतात तें. खोगीर वरखालीं करणें सोपें असतें. पोंच मात्र आडव्या नळीच्या लांबींत बांधलेली असते, आणि नळी एकदां झाळली म्हणजे ती लांब होत नाहीं कीं आंखूड होत नाहीं. माझा बांधा लहान. कारखान्याच्या लहान सायकलींत आडवी नळी उतरती असल्यामुळें खांदा घालावयास जागा उरत नाहीं. म्हणून माझी नळी मुद्दाम सरळ आडवी ठेवून मधला त्रिकोण मोठा केला होता. थोडक्यांत, शिंप्यानें कोट शिवावा तशी ती सायकल माझ्या अंगावर बेतलेली होती. आणि दुसऱ्याचा कोट घालून पाहिला आहे, त्यास पुढची अडचण सांगणें नको.

जाहिरात दिल्यावर चौथ्या दिवशीं एक तरुण विद्यार्थी आला. सहा फुटांहून उंच, स्वभावानें मोकळा, आणि मी सांगेन ती रक्कम द्यावयास तयार. सायकलीचा रंग व झाळकाम पाहून तो इतका मोहून गेला कीं, घासाघीस करण्याचेंही त्याला सुचलें नाहीं. मीं त्याच्या पायाचें माप घ्यावयास लावलें. तें ८८ सेंटिमीटर भरलें. म्हणजे त्याला खोगीर ७७.७ सेंटिमीटरांवर हवें, माझ्याहून ७ सेंटिमीटर वर. खोगिराची नळी तितकी वर ओढली, तर तिचा जेवढा भाग फ्रेमच्या आंत राहिलाच पाहिजे, तेवढा राहत नव्हता. लांब नळी विकत मिळते. पण मग हँडल खोगिराच्या मानानें फार खालीं जातें. हँडलचा आडवा दांडा बदलून पोंच एकदोन सेंटिमीटरांनीं वाढवितां येते. त्यापुढें गेल्यास सायकलीचा तोल बिघडतो. अंगाचा भार पुढच्या चाकावर पडतो, आणि ओल्या उतारावर ब्रेक दाबतांच स्वार हँडलवरून पुढें फेंकला जाण्याची भीति वाढते. शिवाय एवढ्या उंच माणसाचा पाऊलही मोठा. वळतांना बुटाचें टोंक पुढच्या चाकास लागत होतें.

माझ्या मनांत क्षणभर आलें कीं, घेणारा सज्ञान आहे, सर्व मापें जाहिरातींत छापलेलीं आहेत. त्याला हवीच आहे तर घेऊं द्यावी. परंतु मापें छापणें निराळें आणि त्यांचा अर्थ समोरच्यास समजणें निराळें. तो रंग पाहत होता. आंकडे मी पाहत होतों. शेवटीं त्याला अंगणांत पाव तास सायकल फिरवावयास दिली आणि वर लिहिलेल्या सर्व गोष्टी एकेक करून दाखविल्या. तो हिरमुसला होऊन गेला, आणि खरें सांगावयाचें तर मीही थोडा हिरमुसलोंच. कारण त्यानें देऊं केलेली रक्कम मला पुन्हां कोणी देऊं केली नाहीं.

दुसरा प्रश्न, म्हणजे खरें सांगण्याचा, मला याहूनही जड गेला. विक्रीच्या दोन वर्षें आधीं एका शेताच्या पाऊलवाटेनें उतरतांना माझें पुढचें चाक दगडी बांधाच्या पायथ्यावर आदळलें होतें. मला खरचटलें, सायकल धड दिसली. त्यानंतर मात्र हँडलवरचे हात सैल सोडले कीं ती किंचित् डावीकडे ओढूं लागली. वाऱ्यामुळें असेल, रस्त्याच्या उतारामुळें असेल, अशी मीं मनाची समजूत घातली. स्वतःस बसावयाचें असतें तोंवर माणूस आपल्या वस्तूचे दोष सहज पोटांत घालतो. पण तीच वस्तु दुसऱ्याच्या हातीं द्यावयाची वेळ आली, तेव्हां तो डावीकडचा ओढा मला रात्रीं आठवूं लागला.

सायकल कोठें आदळली असल्यास तें ओळखण्याच्या तीन साध्या परीक्षा आहेत, आणि त्या कोणत्याही सायकलीस लागू पडतात. हँडल ज्या आंखूड उभ्या नळींत फिरतें, तिला आपण माथ्याची नळी म्हणूं. तेथून पेडलांच्या आंसाकडे एक तिरपी नळी उतरते. तिच्या खालच्या अंगास, माथ्याच्या नळीच्या अगदीं मागें, बोट फिरवून पाहावें. समोरून धक्का बसला असेल, तर तेथें रंगास सुरकुती पडते किंवा नळीस फुगवटा येतो. दुसरी परीक्षा दोऱ्याची. मागचें चाक काढून, तें जेथें बसतें त्या एका खांचेस दोरा बांधावा. तो माथ्याच्या नळीस वळसा घालून परत मागच्या दुसऱ्या खांचेपर्यंत ताणून आणावा. मग खोगिराच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचें अंतर मोजावें. फ्रेम सरळ असेल, तर दोन्ही अंतरें सारखीं येतात. एखाद्या मिलिमीटराच्या फरकास हरकत नाहीं. तिसरी परीक्षा डोळ्याची. सायकल बाजूनें पाहावी. चिमट्याच्या पायांचा वरचा भाग माथ्याच्या नळीच्या ओळींत सरळ उतरला पाहिजे. तो मागें झुकलेला दिसला, तर चिमटा वांकला आहे असें समजावें.

माझी सायकल पहिल्या दोन परीक्षांत उतरली, आणि तिसरींत नापास झाली. मी ती कारागिराकडे घेऊन गेलों. त्यानें चिमटा काढून आपल्या मेजावर मोजला आणि सांगितलें, “फ्रेम शाबूत आहे. चिमटा मात्र वर, जोडापाशीं वांकला आहे. पोलाद आहे, तेव्हां मी तो सरळ करून देऊं शकेन. पण त्यावर कोणाला बसवणार नाहीं.” त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. मागची एखादी नळी तडकली, तर सायकल बहुधा डुलूं लागते, कुरकुरते, स्वारास सावध होण्यास वेळ देते. चिमटा मोडला, तर पुढचा आधारच एकाएकीं नाहींसा होतो, आणि स्वार तोंडावर आपटतो. एकदां वांकलेला व पुन्हां सरळ केलेला जोड आज उद्यां मोडेल कीं दहा वर्षें टिकेल, हें वरून पाहून कोणी सांगूं शकत नाहीं.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थानें सुचविलें, कीं चिमटा सरळ करून वर रंग चढवावा. कोणाला कळणार आहे? तो मनुष्य वाईट नव्हता. त्यानें बाजाराची रीत सांगितली. इंग्लंडचा कायदाही या बाबतींत विचार करण्यासारखा आहे. तेथील मालविक्रीच्या कायद्याप्रमाणें व्यापाऱ्यानें धंद्यांत विकलेला माल समाधानकारक दर्जाचा असला पाहिजे. परंतु खाजगी गृहस्थानें आपल्या घरची वस्तु विकली, तर ही अट त्याला लागू होत नाहीं. केलेल्या वर्णनाप्रमाणें वस्तु असली पाहिजे, एवढेंच त्याच्यावर बंधन. खोटें विधान करून कोणास घ्यावयास लावलें, तर १९६७ सालचा दुसरा एक कायदा आड येतो. म्हणजे मी खोटें बोललों असतों, तर कायद्यानें मला धरलें असतें. नुसता गप्प राहिलों असतों, तर बहुधा धरलें नसतें. कायद्याचें काम तेवढेंच. पण मला ठाऊक असलेली आणि घेणाऱ्यास ठाऊक नसलेली गोष्ट शेवटीं त्याच्या अंगावर उतरणार होती, आणि तीही मी जवळ नसतांना, एखाद्या ओल्या उतारावर. तेव्हां नवा चिमटा घडवून घेतला, आणि जुना करवतीनें कापून दोन तुकडे केले, म्हणजे तो पुन्हां कोणाच्या सायकलीस लागण्याचें भय उरलें नाहीं. जाहिरातींत त्या आघाताची व नव्या चिमट्याची हकीकत वर्षासह लिहिली.

त्याच हातासरशीं इतर झीजही पाहून घेतली. साखळीच्या एका खिळ्यापासून पुढच्या खिळ्यापर्यंतचें अंतर अर्धा इंच असतें. म्हणून नव्या साखळीचे २४ दुवे बरोबर १२ इंच भरतात. ते एक-अष्टमांश इंचानें अधिक भरले, तर साखळीबरोबर दांतेरी चक्रेंही झिजलीं असें धरून चालावें. रिमवर दाबणारे ब्रेक चिखलाच्या खेळांत फार झीज करतात. ब्रेकचा रबर आणि रिम यांच्यामध्यें वाळू सांपडते, आणि सहाणेवर चंदन उगाळावें तशी रिम उगाळली जाते. रिमच्या बाजूस सरळ पट्टी टेकवून पाहावी. मध्यें फट दिसली, तर रिमचे दिवस भरत आले. पोलादी नळ्या आंतून गंजतात, कारण सायकल धुतांना खोगिराच्या नळीवाटे पाणी आंत जातें. म्हणून खोगीर काढून, फ्रेम उलटी धरून, तांबडें पाणी गळतें काय तें पाहावें. ती खोगिराची नळी गंजून घट्ट बसली नाहीं ना, हेंही पाहावें; कारण ती हलत नसेल, तर नव्या धन्यास आपलें माप लावतांच यावयाचें नाहीं. जें आढळलें तें मीं सर्व लिहिलें. आणि फोटो काढले ते नुसते समोरून नव्हे, तर सायकलीच्या पोटाखालून, जोडांच्या जवळून आणि ओरखड्यांचेही.

एवढें झाल्यावर मग किंमत. येथें विकणाऱ्याच्या मनास सर्वांत जास्त क्लेश होतात. आपण किती पैसे घातले, हा आंकडा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. परंतु त्या पैशाचा मोठा भाग कशाकरितां दिलेला असतो? माप घेण्याकरितां, आकृति काढण्याकरितां, आणि जगांत एकाच शरीरास बसेल अशी वस्तु हातानें घडविण्याकरितां. हा भाग ज्याच्या शरीराकरितां खर्च झाला, त्यानें तो उपभोगून संपविलेला असतो. घेणाऱ्याचें शरीर आपल्या शरीराशीं जेवढें जुळेल, तेवढाच त्याचा लाभ त्याला पोंचतो. म्हणून मूळ खर्च विसरावा आणि दोन आंकडे काढावे. पहिला, चाकें, गिअर, ब्रेक वगैरे भाग सुटे विकले तर जुन्या बाजारांत काय येईल त्याची बेरीज. ही खालची मर्यादा. दुसरा, तेवढेंच काम देणारी कारखान्यांतली चांगली सायकल घेणाऱ्यास कितीला मिळेल तो. ही वरची मर्यादा. खरी किंमत या दोहोंच्या मध्यें कोठें तरी असते.

सुटे भाग विकले तर पैसे अधिक येतात, असा कित्येकांचा अनुभव आहे, आणि तो खोटा नाहीं. पण चाकें एकानें नेलीं, गिअर दुसऱ्यानें नेले, म्हणजे मागें एका माणसाच्या मापाची उघडी फ्रेम उरते, आणि ती बहुधा माळ्यावर जाऊन पडते. कारागिराच्या हातचें काम असें माळ्यावर टाकणें मला प्रशस्त वाटलें नाहीं.

बाजाराची वेळही पाहावी लागते. हंगाम संपल्यावर फेब्रुवारीच्या अखेरीस या सायकलीला कोणी विचारीत नाहीं; आगस्ट-सप्टेंबरांत, शर्यती तोंडावर आल्या म्हणजे, मागणी असते. माझ्या सायकलीस आणखी एक गोष्ट बाधली. २०१० सालीं आंतरराष्ट्रीय सायकल-संघटनेनें या शर्यतींत चकतीचे ब्रेक वापरण्यास मुभा दिली. रिमऐवजीं चाकाच्या मध्याजवळील चकती पकडणारे हे ब्रेक चिखलांतही नीट धरतात, आणि हळूहळू सर्वत्र तेच झाले. माझी फ्रेम जुन्या ब्रेकांची. तिला नवे ब्रेक बसविण्यास जागाच नव्हती; चिमट्याचे पायही तो ताण सहन करण्याच्या हिशेबानें केलेले नव्हते; आणि मागच्या चाकाची खांच १३० मिलिमीटर रुंद, तर चकतीच्या चाकांस १३५ किंवा १४२ लागतात. सायकल जराही वाईट झाली नव्हती. काळ तिच्या पुढें गेला होता. विकणाऱ्यानें याचा राग घेणाऱ्यावर काढूं नये.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत शेजारच्या लँकेशर परगण्यांतून एक शिक्षिका आल्या. येतांना त्यांनीं आपल्या सध्यांच्या सायकलीचीं मापें कागदावर लिहून आणलीं होतीं, आणि आपलें खोगीर व पेडलेंही आणलीं होतीं. त्यांच्या पायाचें माप ७९.५ सेंटिमीटर, म्हणजे खोगीर ७०.२ वर, माझ्यांत व त्यांच्यांत फरक चार मिलिमीटरांचा. त्यांचा पहिला प्रश्न चिमट्याविषयीं होता. जुना चिमटा पाहावयास मिळेल काय, असें त्यांनीं विचारलें. मीं ते दोन तुकडे दाखविले. त्या म्हणाल्या, “तीन सायकली पाहून आलें, तिन्हींच्या मालकांनीं सांगितलें कीं, सायकल कधीं पडलीच नाहीं. चिखलाच्या शर्यतींत पडत नाहीं अशी सायकल मीं पाहिलेली नाहीं. म्हणून तुमची जाहिरात वाचून आलें.” अर्धा तास त्या फिरून आल्या, आडवी नळी दोनदां खांद्यावर घेऊन पाहिली, आणि सौदा ठरला. मीं मूळ जें दिलें होतें, त्याच्या एक-तृतीयांशाहून कांहींसें कमी आलें. त्यांतून नव्या चिमट्याचा खर्च वजा.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून पुरें करतों. अनोळखी माणसाशीं दुरून व्यवहार असेल, तर पैसे आपल्या खात्यांत खरोखर जमा झाल्यावांचून वस्तु हातची सोडूं नये; आणि ठरल्याहून अधिक रक्कम पाठवून ‘वरचे पैसे परत करा’ म्हणणारा भेटला, तर त्याला तेथूनच नमस्कार करावा. घेणाऱ्यानेंही पेडलांच्या आंसाखालीं ठोकलेला क्रमांक पाहून आणि कारागिराची पावती मागून, सायकल चोरीची नाहीं याची खात्री करून घ्यावी. सायकल खोक्यांतून पाठवावयाची झाल्यास पेडलें काढतांना ध्यानांत ठेवावें कीं, डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. तसेंच चाकें काढल्यावर चिमट्याच्या व मागच्या खांचांमध्यें तितक्याच रुंदीचा लांकडी तुकडा अडकवावा, नाहीं तर वाटेंत दाब बसून त्या चेपतात.

सायक्लोक्रॉसची सायकल आपल्यापैकीं फार थोड्यांच्या घरीं असेल. पण मापाच्या वस्तु आपल्याही घरांतून दुसऱ्याच्या घरीं जातात: आजोबांची कुबडी जाते, कोणाचा चष्मा जातो, वाढत्या मुलाची सायकल धाकट्या भावंडाकडे किंवा शेजाऱ्याकडे जाते. देतांना आपण ती पुसून, लखलखीत करून देतों. तेवढ्यानें भागत नाहीं. ज्याला द्यावयाची त्याचें माप आधीं घ्यावें, आणि ती वस्तु कोठें पडली होती, कोठें वांकली होती, तें न विचारतां सांगावें. निदान येत्या रविवारीं घरांतल्या सायकलीस तो दोरा तरी लावून पाहावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.